फाटकावरचा सोळंकी

मंदाचा फोन वाजला तेव्हा विश्वंभर खैरनार स्वयंपाकघरात दुधी सोलत होते. त्यांची बायको मंदा जाऊन चार महिने झाले होते, पण तिचा फोन ते रोज सकाळी चार्जिंगला लावत. का लावता असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. विचारायला घरात कुणी नव्हतंच, त्यामुळे प्रश्न मिटला होता.

फोन बडोद्यातल्या लहरीपुऱ्याच्या पुस्तकवाल्या पीयूषभाईंचा होता. "बेन छे? बेनने कहो, पेली चोपडीनो बीजो भाग आवी गयो. छ वरस राह जोवडावी, हों!" सहा वर्षं वाट पाहायला लावून मंदाच्या पुस्तकाचा दुसरा भाग आला होता.

"बेन बहार गई छे," खैरनार म्हणाले. "हुं आवीने लई जईश." बाहेर गेलीय, मी येऊन नेतो.

आपण असं का बोललो ते त्यांनाही कळलं नाही. सरळ सांगायला हवं होतं की ऑगस्टमध्ये असं असं झालं. पण ते वाक्य त्यांनी आतापर्यंत इतक्या लोकांना सांगितलं होतं, बँकेत, गॅस एजन्सीत, सोसायटीत, की आता ते बोलायचाच कंटाळा आला होता. दुःख वगैरे काही नव्हतं त्यात. निव्वळ कंटाळा.

दुपारी ते वासण्याहून बस पकडून लहरीपुऱ्याला गेले. पुस्तक उचलायला दोन हात लागले. अकराशे चोवीस पानं. मुखपृष्ठावर बर्फ, एक उंच फाटक आणि फाटकात उभी असलेली पाठमोरी मुलगी. "बेन वांची ले एटले मने वार्ता कहे," पीयूषभाई म्हणाले. वाचून झालं की बेननं मला गोष्ट सांगावी. खैरनारांनी मान डोलावली आणि पिशवी खांद्याला लावून परत आले.

आता हे पुस्तक खैरनारांच्या घरात कसं, ते सांगायला हवं. खैरनार मूळचे भुसावळकडचे. रिफायनरीत ऑपरेटर म्हणून लागले आणि चौतीस वर्षं कंट्रोल रूममधल्या काट्यांवर नजर ठेवून निवृत्त झाले. त्यांचं इंग्रजी म्हणजे मॅन्युअलचं इंग्रजी. अमुक व्हॉल्व्ह उघडा, तमुक बंद करा. मंदा मात्र जुन्या बडोद्याची. आजोबा संस्थानच्या दफ्तरात, वडील शाळेत, आणि ती स्वतः एकतीस वर्षं इंग्रजीची मास्तरीण. अशा घरातली बाई म्हातारपणी काहीतरी भारदस्त वाचेल असं कुणालाही वाटेल. ही वाचायची राजे, तलवारी, बर्फातली भुतं आणि उडणारे प्राणी. तेही विटेएवढ्या जाड पुस्तकांतून.

खैरनार निवृत्त झाल्यावर संध्याकाळी भाजी चिरायचं काम त्यांच्याकडे आलं. ते चिरायचे, ती फोडणी घालायची आणि दिवसभरात वाचलेलं सांगायची. इंग्रजी नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत. "हे नाव आहे की ठसका?" असं त्यांनी दोन-तीनदा विचारल्यावर तिनं सगळ्यांना नवी नावं देऊन टाकली. राणी झाली थोरल्या बाईसाहेब. मंत्र विसरणारा जादूगार झाला जोशी मास्तर. गोड बोलून राज्य पोखरणारा प्रधान झाला चेअरमन, कारण त्या वर्षी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून जे झालं ते झालं होतं. आणि उत्तरेच्या फाटकावर वर्षानुवर्षं पहारा देणारा जो म्हातारा होता, ज्याच्यामुळे ती बर्फातली भुतं आत येत नव्हती, त्याचं नाव तिनं ठेवलं सोळंकी.

सोळंकी हे खैरनारांच्या रिलीव्हरचं नाव. रिफायनरीत नियम असा की, तुमच्या जागेवर पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय तुम्ही खुर्ची सोडायची नाही. तो आला नाही तर सोळा तास बसा. डभोईचा रतिलाल सोळंकी एकोणीस वर्षं खैरनारांना सोडवायला आला आणि एकदाही उशिरा आला नाही. दहा मिनिटं आधीच यायचा, बडोद्याच्या ओलसर, लीलो चिवड्याची पुडी टेबलावर ठेवायचा, लॉगबुक वाचून सही करायचा आणि म्हणायचा, "जाओ भाई, हवे हुं छुं." जा, आता मी आहे. एवढं ऐकलं की खैरनारांचे खांदे खाली यायचे.

पुस्तकातल्या सोळंकीवर म्हणूनच त्यांचा जीव जडला. बाकी राज्याचं काहीही होवो. रोज कांदा हातात घेतला की पहिला प्रश्न, "फाटकावर कोण आहे?"

"तुमचा सोळंकी आहे."

"मग ठीक आहे."

पहिला भाग निम्म्याच्या पुढे गेला असेल, तेव्हा डभोईचा खरा सोळंकी गेला. अंगणात पाणी मारता मारता बसला तो उठलाच नाही. दोघं बसनं डभोईला जाऊन आले. तीन आठवड्यांनी खैरनारांच्याच छातीत कळ आली. दोन स्टेंट घातले. आठ दिवस दवाखान्यात. मंदा स्टुलावर बसून पुस्तक वाचायची आणि त्यांना सांगायची. तिथं भाजी नव्हती, पण गोष्ट होती.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "फाटकावर कोण आहे?"

मंदानं पान उलटलं. परत मागचं पान पाहिलं. मग बाटलीतलं पाणी प्यायली. "सोळंकी नदीपलीकडे गेलाय," ती म्हणाली. "निरोप घेऊन. पुढच्या भागात येईल."

खैरनार उशीवरून उठायला लागले. "फाटक सोडून? रिलीव्हर नसताना? शक्य नाही."

"अहो, पडून राहा. धाकटीला उभं करून गेलाय ना." धाकटी म्हणजे थोरल्या बाईसाहेबांची बहीण, सतरा वर्षांची.

"एवढ्याशा पोरीला? सही न घेता? सोळंकी असं करणार नाही. लिहिणाऱ्याला अक्कल नाही."

"नसेल," मंदा म्हणाली. "गोळी घ्या."

त्यांना ते पटलं नाही ते नाहीच. पुढचा भाग येता येईना. लेखक दर वर्षी तारीख द्यायचा आणि दर वर्षी पुढे ढकलायचा. घरात ती म्हणच होऊन बसली. प्लंबर आला नाही की मंदा म्हणायची, नदीपलीकडे गेला असेल. पुण्याहून यशश्रीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन दोन दिवस आला नाही की खैरनार म्हणायचे, गेली वाटतं नदीपलीकडे. आणि अधूनमधून, काहीच कारण नसताना, "त्यानं फाटक सोडायला नको होतं," असं ते बोलून दाखवायचे. मंदा त्यावर हसून विषय बदलायची.

ऑगस्टमध्ये मंदाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दोन दिवस. ती काही बोलली नाही, शुद्धीवरच आली नाही. खैरनारांनी सगळं नीट केलं. कागदपत्रं, दिवस, लोकांना चहा. कोणी म्हणालं, विश्वंभरराव किती खंबीर. खंबीर कसले, बधिर झाले होते. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं त्यांना अख्खं अंग वाटत होतं. रडू येत नव्हतं. यशश्री गळ्यात पडून रडली तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांच्या मनात आलं की गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. नंतर त्यांना स्वतःची भीती वाटली, पण तीही थोडा वेळच. इतकी वर्षं एका बाईबरोबर काढली आणि तिच्यासाठी एक टिपूस येत नाही, हे त्यांना आतून कुरतडत होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

तर डिसेंबरात ते पुस्तक घरी आलं आणि खैरनारांनी ठरवलं, वाचायचं. मंदानं सांगितलं होतं, पुढच्या भागात सोळंकी येईल. येतो की नाही ते बघायचं. एवढी एकच गोष्ट जगात उरली होती जी त्यांना जाणून घ्यायची होती.

त्यांनी रिफायनरीची एक जुनी डायरी काढली. सकाळची पाळी लावून घेतली. सहाला चहा, सव्वासहाला पुस्तक, शेजारी डिक्शनरी. पहिल्या दिवशी चार पानं झाली. डायरीत नोंद केली: पान १ ते ४. हिमवर्षाव. फाटकावर धाकटी. सोळंकी नाही.

कुणाला वाटेल, या माणसानं पहिला भाग काढून आधी तो का वाचला नाही? दोन कारणं. एक म्हणजे तो मंदाच्या कपाटात होता आणि ते कपाट ऑगस्टपासून कुणी उघडलं नव्हतं. दुसरं, पहिल्या भागाचा चार्ज मंदानं त्यांना तोंडी दिला होता. दिलेला चार्ज एकदा घेतला की मागच्या पाळीवर शंका घ्यायची नाही, ही चौतीस वर्षांची सवय.

पण सवयीनं घोटाळा केला. सगळी माणसं आता ठसक्यांच्या नावांनी वावरत होती. चेअरमन आठवड्यात सापडला, कारण तो दर वाक्याला हसत होता. जोशी मास्तर मंत्र विसरल्याबरोबर ओळखू आले. धाकटी तर पहिल्या पानापासून फाटकावर उभीच होती. सोळंकीचं पुस्तकातलं नाव मात्र मंदानं कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे जो कोणी अनोळखी म्हातारा गोष्टीत शिरेल तो खैरनारांना सोळंकी वाटायचा. लंगडणारा मीठविक्या आला, यांनी डायरीत प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं, सोळंकी? साठ पानांनी तो चेअरमनचा हेर निघाला. काट मारली. नावाडी आला, तो बुडाला. काट. मठात एक मुका म्हातारा होता, त्याच्यावर खैरनारांनी तीन आठवडे आशा ठेवली. शेवटी तो बोलला, आणि असं काही फालतू बोलला की तो सोळंकी असणं शक्यच नव्हतं.

यशश्री रोज संध्याकाळी सातला फोन करायची. पहिला भाग तिनंही वाचला होता, मायलेकी फोनवर तासन्‌तास त्यावर बोलायच्या. एकदा त्यांनी तिला विचारलं, "त्या फाटकवाल्याचं खरं नाव काय गं?"

"कुणाचं?"

"आपल्या सोळंकीचं."

"आठवत नाही बाबा. सहा वर्षं झाली. तुम्ही वाचताय ना, कळेल."

ज्या मुलीला बालवाडीतल्या बाईंच्या साडीचा रंग आठवतो तिला हे आठवत नव्हतं. खैरनारांना तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दिवसांत त्यांना कशातच काही वाटत नव्हतं.

संक्रांत गेली. गच्चीवरचे पतंगांचे दोरे झाडांत अडकून राहिले. होळी गेली. खैरनार दिवसाला पंधरा पानांवर आले होते. धाकटी अजून उभीच. सातशे पानं ती पोर एका फाटकावर उभी होती. तिच्या हातांची बोटं काळी पडली, ती उभ्या उभ्या झोपायची, आणि तिला सोडवायला कुणी येत नव्हतं. खैरनारांना वाचून राग येई. सोळा तास बसणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. ही तर सोळा महिने उभी होती. डायरीत त्यांनी एके दिवशी नोंदीच्या बाहेर जाऊन लिहिलं: हा अन्याय आहे. रिलीव्हर पाठवा.

एप्रिलमध्ये, पंखा फुल्ल सोडूनही घाम निघत होता अशा एका दुपारी, पुस्तक संपलं. पान ११२४. थोरल्या बाईसाहेब जिंकल्या, चेअरमन पळाला, आणि शेवटच्या ओळीत धाकटी बर्फात एकटी फाटकावर उभी होती. खाली लिहिलं होतं की तिसरा भाग यायचा आहे.

सोळंकी आला नव्हता.

खैरनारांनी शेवटचं पान दोनदा वाचलं. डायरी पहिल्यापासून तपासली. सगळ्या काटलेल्या नावांवरून बोट फिरवलं. मंदानं सांगितलं होतं येईल म्हणून. मंदा चुकीचं सांगायची नाही. प्लांटमध्ये आकडे जुळले नाहीत तर एकच गोष्ट करायची असते, मागच्या पाळीचं लॉगबुक उघडायचं. ते उठले आणि कपाटासमोर जाऊन उभे राहिले.

कपाटाची किल्ली कपाटालाच होती. दार उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला. साड्या, त्याखाली शाळेतल्या निरोपाची शाल, आणि शालीखाली पहिला भाग. खैरनारांनी साड्यांकडे न बघता तेवढा ओढून काढला आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

पुस्तकात खूण घातलेली होती. बसचं तिकीट, बडोदे ते डभोई. सोळंकीच्या घरी गेले त्या दिवसाचं. पान ६११.

आता त्यांना इंग्रजी बऱ्यापैकी जमत होतं. पान सोपं होतं. हॅल्ड्रिक नावाचा एक म्हातारा पहारेकरी. पहाटे भुतं येतात. सगळे त्याला ओरडून सांगतात की आत ये, पळ. तो येत नाही. फाटक आतून बंद होईपर्यंत तो बाहेर उभा राहतो आणि तिथंच मरतो. सकाळी धाकटी त्याचा भाला उचलते आणि त्याच्या जागी उभी राहते.

हॅल्ड्रिक. दुसऱ्या भागात हे नाव दहा वेळा तरी येऊन गेलं होतं. धाकटी त्या नावानं रडायची. मेलेला कुणीतरी, म्हणून खैरनारांनी त्याची नोंदसुद्धा केली नव्हती.

आणि समासात, मास्तरणीच्या टोकदार पेन्सिलीनं, मंदाचं अक्षर होतं. वह्या तपासताना काढायची तसंच, बारीक आणि सरळ.

"यांना सांगायचं नाही. एका महिन्यात दोन सोळंकी नकोत. नदीपलीकडे पाठवला. पुढच्या भागात कसा आणायचा ते बघू."

खैरनारांनी ते वाचलं. पहिल्यांदा त्यांना आला तो राग. सहा वर्षं! सहा वर्षं या बाईनं आपल्याला झुलवत ठेवलं. स्वतःच्या मनानं गोष्ट फिरवली आणि तोंडावरची रेषही हलू दिली नाही. मग त्यांनी वरचा मजकूर परत वाचला, आणि एकदम काहीतरी लक्षात येऊन ते खुर्चीतून उठलेच.

सोळंकीनं फाटक सोडलं नव्हतं.

"मी म्हटलं होतं!" खैरनार मोठ्यानं म्हणाले. "म्हटलं होतं की नाही? तो रिलीव्हरशिवाय हलणार नाही! म्हटलं होतं ना?"

आणि ते ओट्याकडे बघत थांबले. इतक्या वर्षांची सवय. असं काही म्हटलं की ओट्यापाशी झारा कढईवर वाजायचा आणि ती म्हणायची, बरं बाबा, तुमचंच खरं. ते ऐकायला ते थांबले. पंख्याची घरघर ऐकू येत होती. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायला किक मारत होतं. ओट्यावर सकाळचा दुधी होता, सोललेला नव्हता.

तेव्हा त्यांना रडू आलं. थेंब-थेंब नाही, लहान मुलासारखं, नाकातून, तोंड उघडं टाकून. ओट्याला धरून ते उभे होते आणि थांबवता येत नव्हतं. आठ महिन्यांचं एकदम आलं. मंदा गेली, मंदा गेली, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, जणू ही बातमी त्यांना आत्ताच कुणी आणून दिली होती.

सातला यशश्रीचा फोन आला तोवर त्यांनी तोंड धुऊन चहा घेतला होता. पहिला भाग समोर उघडाच होता.

"बाबा, झालं का पुस्तक?"

"झालं आज."

ती जरा घुटमळली. पहिला भाग हिनंही वाचलाय, हे खैरनारांना आता आठवलं. मग तिनं विचारलं, "आला का तो?"

खैरनारांनी समासातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पुढच्या भागात कसा आणायचा ते बघू. काम अर्धं टाकून उठणाऱ्यातली बाई नव्हती ती. पाळी संपली, काम राहिलं, आणि लिहून ठेवलं. मग ते कुणी करायचं असतं?

"आला," खैरनार म्हणाले.

पलीकडे यशश्रीनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"शेवटी शेवटी आला. नदी गोठली होती ना, म्हणून अडकला होता. उन्हानं बर्फ फुटला तेव्हा निघाला. पायात जोडा नाही, दाढी इथपर्यंत. पण आला वेळेवर. दहा मिनिटं आधीच. धाकटी उभीच होती बिचारी, बोटं काळी पडलेली. त्यानं तिच्या हातातला भाला काढून घेतला."

"मग?" यशश्रीनं विचारलं.

"मग काय. म्हणाला, जाओ बेन. हवे हुं छुं."

"गेली का ती मग घरी?"

"गेली," खैरनार म्हणाले. "खूप दमली होती. गेली."

"बाबा, ठेवू नका. अजून सांगा."

"थांब जरा," ते म्हणाले. फोन त्यांनी डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला, दुधी घेतला, सुरी घेतली आणि पुढचं सांगायला लागले.